खाणीच्या वहीत न सापडणाऱ्या बायका

‘शोधवाट’ या सदराकडे या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवती, खाणींवर राबलेल्या बायकांच्या शोधाभोवती, फिरणारी आहेत. त्यांतले पहिले पत्र मोठे आहे आणि त्याला उत्तरही सविस्तर द्यावेसे वाटले.

प्रश्न : माझे माहेर भवानी पेठेतले. घरात आम्ही तेलुगू बोलतो, उंबऱ्याबाहेर मराठी. माझी पणजी लग्न होऊन सोलापुरात आली आणि गिरणीत वाइंडिंग खात्यात लागली. तिची आई, म्हणजे माझी खापरपणजी, कोलारच्या सोन्याच्या खाणीवर दगड फोडून निवडण्याचे काम करीत असे, एवढेच घरात सांगतात. खापरपणजोबांविषयी तर एकच वाक्य चालत आले आहे : ‘ते नाताळला गेले आणि परत आले नाहीत.’ खाणवस्त्यांतल्या आणि परदेशी गेलेल्यांच्या मागे राहिलेल्या बायकांवर मला लिहायचे आहे. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणींवर काम करणाऱ्या मुलींची माहिती नावागावासह मिळते, आपल्याकडची मात्र एकही बाई नावाने सापडत नाही. सुरुवात कुठून करावी?
— एक वाचिका, सोलापूर

उत्तर : ताई, सुरुवात आपल्या घरातल्या त्या एका वाक्यापासूनच करावी. खापरपणजोबा डिसेंबर महिन्यात घर सोडून गेले, असा त्याचा अर्थ आपण आजवर लावला असेल, तर तो एकदा बाजूला ठेवून पाहा. मराठीत सणासाठी रूढ झालेला ‘नाताळ’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. वास्को द गामाची जहाजे १४९७ च्या नाताळात आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याजवळून गेली, म्हणून त्या किनाऱ्यालाही पोर्तुगिजांनी तेच नाव दिले. पुढे हा नाताळ प्रांत इंग्रजांची वसाहत झाला आणि १८६० ते १९११ या काळात १,५२,१८४ हिंदी माणसे गिरमिटावर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या मजुरीच्या करारावर, तेथे नेण्यात आली. बहुसंख्य मद्रास बंदरातून गेली, आणि त्यांतली पुष्कळशी उत्तर अर्काट, चित्तूर या पट्ट्यातली होती. कोलारच्या खाणींना मजूर पुरवणारा पट्टाही हाच. नाताळमध्ये उसाच्या मळ्यांइतके नसले तरी बरेच मजूर डंडी आणि न्यूकॅसल भागातल्या कोळशाच्या खाणींवर होते. म्हणून आपल्या घरातले वाक्य महिन्याचे नसून ठिकाणाचे असावे, असे मला वाटते.

ही शक्यता तपासता येण्याजोगी आहे. नाताळला गेलेल्या प्रत्येक जहाजाची यादी झाली आणि त्या याद्या बऱ्याच अंशी टिकून आहेत. त्यांत माणसाचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, तालुका, गाव आणि अंगावरची खूण एवढे लिहिलेले असते. मूळ दप्तर डर्बनच्या अभिलेखागारात आहे आणि याद्या संगणकावरही शोधता येतात. तेलुगू नाव इंग्रजी कारकुनाने कानाला जसे लागले तसे लिहिले असल्यामुळे एकाच नावाची पाच-सहा रूपे करून पाहावी लागतील, आणि नावापेक्षा गाव आणि बापाचे नाव यांवर अधिक भरवसा ठेवावा लागेल. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. शोधताना त्यांच्या नावाला जोडून एखाद्या दुसऱ्या बाईचे किंवा मुलाचे नाव निघाले, तर तेवढ्यावरून घरात काही सांगू नका; पुढच्या नोंदी पाहून खात्री करा आणि मगच बोला. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचा दुसरा संसारही आजच्या घराला लागू शकतो.

या याद्यांत बायकाही आहेत. दर शंभर पुरुषांमागे चाळीस बायका गेल्या पाहिजेत असा दंडक होता, आणि प्रत्येक बाईला स्वतःचा क्रमांक, स्वतःचे नाव आणि बापाचे नाव होते. गावात जिला आयुष्यभर ‘अमक्याची बायको’ म्हटले गेले असते, तिचे नाव जहाजावर चढताना प्रथमच कागदावर आले. तो मान नव्हता. तिच्या श्रमाचा करार झाला होता आणि करारासाठी नाव लागत होते, एवढेच त्याचे कारण. पण आपल्या शोधाची किल्ली मला येथेच दिसते. खाणीच्या हजेरीवहीत बाई बहुधा सापडत नाही, कारण मजुरी नवऱ्याच्या किंवा मुकादमाच्या नावावर पडत असे. तिचे कुणी काही देणे लागत होते, किंवा तिच्याकडून कुणाला काही घ्यायचे होते, तेथे ती सापडते. करार, भरपाई, बाळंतपणाचा भत्ता, वारसा, पोटगी, शिक्षा ही दप्तरे आधी धरावीत; खाण कंपनीचे दप्तर त्यानंतर.

याच नाताळमधले १९१३ चे उदाहरण पाहा. त्या वर्षी मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्याच केप प्रांताच्या न्यायालयाने ख्रिस्ती विधीने न झालेले विवाह कायद्याला मान्य नाहीत असा निर्णय दिला आणि एका फटक्यात बहुसंख्य हिंदी बायका कायद्याच्या दृष्टीने लग्नाविनाच्या ठरल्या. गिरमिट संपलेल्यांवरचा तीन पौंडांचा कर होताच. शेजारच्या ट्रान्सवाल प्रांतातल्या अकरा बायका ऑक्टोबरमध्ये न्यूकॅसलच्या खाणवस्तीत गेल्या, त्यांनी मजुरांना संपाचे आवाहन केले आणि त्यापायी तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगली. खाणी बंद पडल्या. ६ नोव्हेंबरला गांधीजींसह जो जथा ट्रान्सवालच्या सरहद्दीकडे निघाला, त्याची मोजदाद त्यांनी स्वतः नोंदवली आहे : २,०३७ पुरुष, १२७ बायका आणि ५७ मुले. वाटेत दोन तान्ही मुले दगावली, तरी त्यांच्या आया चालत राहिल्या. तुरुंगात गेलेल्या बायकांची नावे खटल्यांच्या कागदांत मिळतात, आणि सुटून येताच १९१४ च्या फेब्रुवारीत वारलेली सोळा वर्षांची वल्लिअम्मा तर सर्वांना माहीत आहे. त्या १२७ जणी मात्र आकडा होऊन राहिल्या. खाणमजुरांच्या त्या बायकांपैकी काहींची नावे तरी जहाजांच्या याद्यांशी ताडून परत आणता येतील, आणि आपल्या लेखनासाठी मला हा सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

आता कॉर्नवॉल. तेथल्या भाषेत ‘बाल’ म्हणजे खाणीची जागा, म्हणून तेथे काम करणाऱ्या मुलींना ‘बाल मेडन’ म्हणत. त्या भुयारात उतरत नसत. वर आलेले तांब्याचे दगड लांब दांड्याच्या हातोड्याने फोडायचे, कामाचे आणि टाकाऊ वेगळे करायचे, मग लोखंडी ठोकण्याने त्यांचा भुगा करायचा, हे त्यांचे काम. आपल्या खापरपणजीविषयी घरात जे सांगतात, तेच हे. त्यांची नावे मिळतात ती त्यांची आठवण कुणी अधिक मायेने जपली म्हणून नव्हे. ब्रिटनमध्ये १८४१ पासूनच्या जनगणनेचे घरोघरचे तक्ते, प्रत्येकाच्या नावासह आणि धंद्यासह, जपून ठेवलेले आहेत आणि शंभर वर्षांनी ते सर्वांना खुले होतात. आपल्याकडे जनगणना झाली, पण आकडे काढून झाल्यावर घरोघरचे कागद नष्ट केले गेले. त्यामुळे कोलारच्या खाणींवर किती बायका होत्या हे छापील तक्त्यांतून काढता येते, त्या कोण होत्या हे नाही. फरक बायकांत नसून दप्तरांत आहे, आणि आपल्या प्रस्तावनेत ही गोष्ट स्पष्टपणे यावी अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

कॉर्नवॉलचा संबंध आपल्या कथेशी आणखी एका बाजूने येतो. तेथे १८६६ मध्ये तांब्याचा भाव कोसळला आणि खाणकामगार जगभर पांगले : दक्षिण ऑस्ट्रेलियातले मूंटा, अमेरिकेतले मिशिगन, मेक्सिको, पुढे दक्षिण आफ्रिका. कोलारच्या खाणींचा कारभार १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स या लंडनच्या कंपनीकडे आला आणि तिच्यामार्फत कॉर्नवॉलचे अनुभवी खाणकामगार कोलारला येऊ लागले. त्यांच्या बायका पुष्कळदा मागेच राहत आणि परदेशातून येणाऱ्या पैशावर घर चालवीत. हा पैसा थांबला की त्यांना गरिबांच्या मदतनिधीकडे अर्ज करावा लागे आणि तेथे नवरा कुठे गेला, केव्हापासून पैसे आले नाहीत, पदरी मुले किती, हे सारे लिहिले जाई. रेडरथ गावच्या एखाद्या घरी कोलारहून येणाऱ्या पैशाची वाट पाहिली जात होती, त्याच वर्षांत कोलारच्या मजूर-वस्तीतली एखादी बाई नाताळहून येणाऱ्या पैशाची वाट पाहत होती. एकीचा अर्ज टिकला. दुसरीला अर्ज करायला दारच नव्हते. आपला विषय या दोघींना समोरासमोर बसवून लिहिता येईल.

कोलारसाठी वाट लांबची आहे. खाणी १९५६ मध्ये म्हैसूर सरकारने ताब्यात घेतल्या आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. सरकारी पत्रव्यवहारासाठी बंगळुरूचे राज्य अभिलेखागार आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ पाहावे. दुसरे घरी बसून पाहता येते. कुटुंबातले कुणी ख्रिस्ती झाले असेल, तर तेथल्या चर्चच्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्यांत आईचे नाव असते. १९३० मध्ये बोटांचे ठसे घेऊन कामगारांची नोंदणी करण्याविरुद्ध कोलारला मोठा संप झाला. आपल्याकडे सोलापुरात मार्शल लॉ लागला तेच हे वर्ष, तेव्हा त्या महिन्यांची जुनी वर्तमानपत्रे चाळताना दोन्हीकडे लक्ष ठेवता येईल.

पण बंगळुरूचे तिकीट काढण्याआधी सोलापुरातले कागद पाहा. पणजीच्या मुलांच्या शाळेतल्या जनरल रजिस्टरचा उतारा, नगरपालिकेच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, घर किंवा जागा असेल तर तिच्या वारसनोंदीचा फेरफार, आणि पणजी किंवा पणजोबा १९५२ नंतरही गिरणीत असतील तर भविष्य निर्वाह निधीचे वारसनामनिर्देशन, एवढे मिळाले तरी पणजीचे मूळ गाव हाती लागू शकते. जातीच्या दाखल्यासाठी आपल्या गावातली हजारो कुटुंबे हेच कागद शोधत तहसीलच्या अभिलेख कक्षात खेपा घालतात. त्यांना नेमके काय कुठे मिळते ते तोंडपाठ असते. अशा एखाद्या जाणत्या माणसाला सोबत घ्या.

प्रश्न : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचे प्रमुख असताना कोळशाच्या खाणीत बायकांना खाली उतरवण्यावरची बंदी उठली, असे वाचनात आले. हे खरे आहे का, आणि संशोधकाने याकडे कसे पाहावे?
— इतिहासाचा विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : खरे आहे, पण त्याच्या आधीचे आणि नंतरचे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. आजच्या झारखंड-बंगालमधल्या झरिया आणि राणीगंज या कोळसा भागांत संताळ, बाउरी अशा समाजांतली कुटुंबेच्या कुटुंबे भुयारात काम करीत. नवरा कोळसा तोडायचा आणि बायको तो पाटीत भरून वाहायची. तिला तिकडे ‘कामीन’ म्हणत. बायकांना भुयारातून टप्प्याटप्प्याने बाहेर काढण्याचे नियम १९२९ मध्ये झाले आणि १९३९ ही त्याची मुदत होती. दरम्यान १९३५ चा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९३७ मध्येच बंदी पूर्ण लागू झाली. महायुद्धात कोळशाची टंचाई पडली तेव्हा १९४३ मध्ये ती उठवण्यात आली आणि १९४६ च्या फेब्रुवारीत पुन्हा लावण्यात आली.

डॉ. आंबेडकर त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य होते. अखिल भारतीय महिला परिषदेने बंदी उठवण्यास विरोध केला आणि १९४४ च्या फेब्रुवारीत मध्यवर्ती कायदेमंडळात यावर चर्चा झाली. युद्धकाळातली ही निकडीची आणि तात्पुरती तरतूद आहे, आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी देण्याचे तत्त्व तिच्यात घातले आहे, अशी बाजू त्यांनी मांडली. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या दहाव्या खंडात हे सारे इंग्रजीत आहे. त्याच खंडात १९४१ च्या खाण प्रसूती लाभ कायद्यातली त्यांची १९४३ ची दुरुस्तीही आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. सुटे वाक्य उचलून त्यांना बायकांना खाणीत ढकलणारे ठरवणे जितके चूक, तितकेच हा निर्णय झालाच नाही असे दाखवणेही चूक.

माझे स्वतःचे मत असे की बंदी चांगली की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. भुयारातले काम जीवघेणे होते यात शंका नाही. पण १९३७ मध्ये बाई बाहेर आली तेव्हा तिच्या हाती दुसरे काम दिले गेले नाही. पाटी वाहणारी गेली आणि जोडीची कमाई तुटली. म्हणून संशोधकाने विचारायचे ते हे, की वर आल्यावर ती कुठे गेली? खाण निरीक्षकांच्या वार्षिक अहवालांत भुयारात, उघड्या खाणीत आणि वर अशी बायकांची संख्या वेगवेगळी दिलेली असते. ती दहा वर्षे ओळीने मांडली की पुष्कळ काही दिसते. बायकांचे स्वतःचे शब्द हवे असतील तर १९२९ ते १९३१ च्या शाही मजूर आयोगापुढच्या साक्षी पाहा; त्यांत काही स्त्री कामगारांच्याही जबान्या आहेत. भाषांतर करणाऱ्या कारकुनाने त्या थोडक्यात गुंडाळल्या आहेत, तरी त्या त्यांच्या आहेत.

आणि झरिया लांब वाटत असेल तर महाराष्ट्रातच विषय पडला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातली वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण १८७१ ते १९०६ अशी चालली. नागपूर-भंडारा भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मँगनीजच्या उघड्या खाणी निघाल्या आणि त्यांवर बायका मोठ्या संख्येने होत्या. जुन्या मध्य प्रांताचे दप्तर नागपूरच्या अभिलेखागारात आहे आणि सोलापूरच्या विद्यार्थ्याला ते एका रात्रीच्या प्रवासावर आहे.

प्रश्न : आम्ही वडार. माझी आजी आयुष्यभर दगडाच्या खाणीवर खडी फोडत होती. मार्गदर्शक म्हणतात, हे ‘खाण समाजा’त बसत नाही, कारण खाण म्हणजे कोळसा किंवा सोने. आजी ऐंशीच्या पुढे आहे. तिच्याकडून काय विचारून घ्यावे?
— एक वाचक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : मार्गदर्शकांचा मान राखूनही हे मला मान्य नाही. मराठीत दगडाची ती खाण आणि कोळशाचीही ती खाणच. आणि १९५२ च्या खाण कायद्याच्या व्याख्येतही उघड्यावर दगड काढण्याची जागा येत होती. सोलापूर जिल्ह्याच्या बाबतीत तर हा विषय डावलणे शक्यच नाही. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात या भागातली माणसे सरकारी कामांवर खडी फोडून जगली आणि त्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या. ज्या बाईने आधी कधी घण हाती धरला नव्हता, तिलाही तेव्हा दगडापुढे बसावे लागले. १८८४ च्या सोलापूर गॅझेटियरमध्ये वडारांची माहिती आहे, ती जरूर पाहा, पण लिहिणाऱ्या साहेबाची नजर आपली मानू नका. त्यात जातीजातींच्या स्वभावाविषयी जे शेरे आहेत ते पुरावा म्हणून वापरण्याजोगे नाहीत. ज्या जमातींना कायद्याने गुन्हेगार ठरवून सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणात ठेवले होते, त्यांतल्या बायकांची नावे मात्र हजेरीच्या कागदांत येतात. १९५२ मध्ये तो कायदा गेला. ज्या बाईवर सरकारला नजर ठेवायची होती तिचे नाव लिहिले गेले, आणि जिने त्याच सरकारचा रस्ता केला तिचे नाही, हा विरोध आपल्या लेखनात यायला हवा.

आजीशी बोलताना ‘तुम्ही काम करत होता का?’ असे विचारू नका. आपल्याच पूर्व भागात दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईला तसे विचारले तर ती म्हणते, ‘नाही, घरीच असते.’ आजीलाही तिचे काम काम वाटत नसेल. म्हणून वस्तूंपासून सुरुवात करा. घण कोणाच्या हातात असायचा आणि छिन्नी कोणाच्या? सुरुंग लावताना बायका कुठे जायच्या? खडीचे माप काय होते, ब्रास की पाटी, आणि ते मोजायला कोण यायचा? मजुरी कुणाच्या हातावर पडायची? बाळाची झोळी कुठे बांधायची? डोळ्यात कपची गेली तर काय करायचे? बाळंतपणाच्या किती दिवस आधीपर्यंत ती दगडावर बसली, आणि किती दिवसांनी परत गेली? एकेका बैठकीत दोन-तीन प्रश्न पुरे. उरलेला वेळ तिला बोलू द्या, आणि ती गप्प बसली तर घाईने पुढचा प्रश्न टाकू नका.

ती वडारीत बोलत असेल तर ध्वनिमुद्रण वडारीतच करा. आधी मराठीत सांगायला लावलेत तर हत्यारांची आणि दगडाच्या जातींची तिची नावे निघून जातील, आणि ती नावे हाच तिचा दस्तऐवज आहे. शक्य असेल तर तिला एकदा तिच्या जुन्या खाणीवर घेऊन जा. बहुतेक जागी आता पाणी साचलेले असते किंवा प्लॉट पडलेले असतात, तरी काठावर उभे राहून ती कोणत्या बाजूला कोण बसायचे ते दाखवील. त्याचा नकाशा तिच्यासमोरच काढा आणि प्रत्येक जागेपुढे त्या बाईचे नाव तिलाच विचारून लिहा.